डावीकडची तिसरी फळी

अख्ख्या जव्हार संस्थानात, आणि मोखाड्याकडचा मुलूख धरला तरीही, देवाच्या आधी पालखीत बसलेला माणूस एकच होऊन गेला, आणि तो नेमका आमच्या घरचा जावई निघाला. माझ्या थोरल्या आत्याचे यजमान, म्हणजे आमचे आतोबा. हाडाचे सुतार. आम्हीही सुतारच, पण आमच्या घराण्यात मी पहिला लेखणी धरणारा. संस्थानच्या कचेरीत कारकून होतो, म्हणून घरच्यांना कोण कौतुक! आतोबांना मात्र नाही. ते म्हणायचे, "पटाशी सोडलीस आणि टाक धरलास. लाकूड चुकलं तर रंधा मारता येतो. कागदाला काय मारशील?"

तर पालखी. देवळाची जुनी पालखी खिळखिळी झाली होती, म्हणून नवी सागवानी आतोबांकडून करवून घेतली. ठरलेल्या दिवशी गुरव नारळ घेऊन त्यांच्या अंगणात पोचतो तर काय, चार गडी पालखी खांद्यावर घेऊन अंगणभर दुडक्या चालीने फिरताहेत, आणि आत मांडी घालून, कानावर पेन्सिल खोचून, आमचे आतोबा! शिवाय वरून हुकूम सोडताहेत, "जरा उड्या मारत चला रे, मिरवणुकीत काय सांभाळून चालणार आहात होय?" गुरवाच्या हातातला नारळ तिथेच सुटला. "अहो उतरा, उतरा! देवाची पालखी ती!" आतोबांनी दांड्याच्या सांध्यावरची नजर न हलवता सांगितलं, "देवाचीच आहे, म्हणून तर बसलोय. दांडा मोडून देव खाली आला, तर त्याला काय सांगाल? थांब बाबा जरा, सुताराला बोलावतो?" प्रकरण कचेरीत आलं. पालखी गोमूत्र शिंपडून शुद्ध करून घ्यावी आणि सदरहू सुतारास सक्त समज द्यावी, असा हुकूम झाला. तो माझ्याच अक्षरात आहे, आणि समज देण्याचं कामही माझ्याच गळ्यात पडलं. मी दिली. आतोबांनी ती नीट ऐकून घेतली आणि म्हणाले, "तू बसलायस त्या स्टुलाचा मागचा पाय हलतोय, कळतंय का तुला?"

त्यांचा नियमच होता तसा. हातून झालेली वस्तू अंगणाबाहेर जाण्याआधी तिच्यावर आपला जीव टाकून बघायचा. खाट केली की तिच्यावर झोपायचे, शिडी केली की शेवटच्या पायरीवर उभं राहून गदागदा हलवायचे, झोपाळा केला की मनसोक्त झोके घ्यायचे. इथवर एक वेळ चालेल. पण एका व्यापाऱ्याच्या घरी बारसं होतं, त्यासाठी पाळणा केला, तेव्हाही हे गुडघे हनुवटीला टेकवून पाळण्यात! भरघोस मिशा, डोक्यावर मुंडासं, आणि आत्या शेजारी बसून निमूट दोरी ओढतेय. तेवढ्यात व्यापाऱ्याची म्हातारी आई पाळणा न्यायला आली. ती पण खमकी. तिने आत डोकावलं आणि आत्याला विचारलं, "झोपलं का गं बाळ?" आत्या म्हणाली, "कुठलं झोपतंय! सांधे तपासतंय अजून."

साखरशेतच्या एका शेतकऱ्याने नांगर करायला दिला. नांगरात बसणार कसं, हा प्रश्न मलाही पडला होता. आतोबांना पडला नाही. ते नांगर घेऊन थेट साखरशेतला गेले आणि जोडीतला एक बैल सोडून त्याच्या जागी स्वतः जुवाला मान दिली. उरलेला बैल बिचारा त्यांच्याकडे बघून जागचा हलेना. कशीबशी नांगराची एक रेघ निघाली. तो शेतकरी पुढे कितीतरी दिवस बाजारात सांगत सुटला होता, "मिस्तरी मानूस चांगला हाय, पन बैल म्हनून काय कामाचा नाय. बैल निसता चालतो. ह्यो पावला-पावलाला मागं वळून नांगर बघतो."

आणि काम दिलं की सुटलं, असंही नाही. मोखाड्याच्या बाजाराला गेले की भाजी-मिरची बाजूला राहायची, हे गिऱ्हाइकं शोधत फिरायचे. दहा-दहा वर्षांपूर्वीची खाट, कपाट, दाराची चौकट, सगळं डोक्यात. माणसांची नावं मात्र एक लक्षात राहील तर शपथ! समोरचा माणूस 'आखूड पायांची खाट' किंवा 'ऐनाच्या लाकडाची चौकट' याच नावाने ओळखला जायचा. एकदा एका बाईला त्यांनी गर्दीत गाठलं आणि कुशल न विचारता, "काय, खाट काय म्हणते?" म्हणून सुरुवात केली. तिचा नवरा वारून महिनाही झाला नव्हता. तिने डोळ्याला पदर लावून तसं सांगितलं. आतोबांचा चेहरा पांढराफटक पडला. "खाटेवरून पडून नाही ना?" मी शेजारी उभा होतो. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं मला झालं. पण त्या बाईला काय वाटलं कोण जाणे, तिने त्यांच्या हाताला हात लावून सांगितलं, "नाय दादा, तापानं गेला. खाट चांगली हाय तुमची." तेव्हा कुठे आतोबांच्या जिवात जीव आला, आणि मग ते त्या बाईबरोबर बाजाराच्या कडेला बसून तिच्या नवऱ्याची चौकशी करत राहिले. त्या दिवशी आमची बैलगाडी चुकली.

हे वेड त्यांनी आणलं कुठून? आमच्या डोंगरातून नव्हे. ते आणलं होतं बसऱ्याहून.

तरुणपणी आतोबा मुंबईच्या गोदीत होड्या बांधायच्या कामाला होते. पहिलं महायुद्ध पेटलं तशी सरकारला समुद्रापलीकडे, इराकातल्या नदीवर, सुतार हवे झाले, आणि ज्या माणसाने मुंबईच्या पलीकडे समुद्र पाहिला नसता, त्याला बोटीत घालून थेट बसऱ्याला नेऊन उतरवलं. तिथे नौदलाची विमानं होती. जमिनीवरून उडणारी नव्हेत. पाण्यावरून उडणारी, पाण्यावर उतरणारी! हे आतोबांनी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा आमच्या ओटीवर जे हसं झालं, ते मला अजून ऐकू येतं. बदक म्हणे! आतोबा हसले नाहीत की रागावले नाहीत. त्यांनी एक ढलपी उचलली आणि जमिनीवर चित्र काढायला लागले. वर दोन पंख, एकावर एक. मध्ये माणसं बसायला खण. आणि खाली, जिथे चाकं असायची, तिथे दोन लांबोडक्या बंद होड्या. तेच त्या विमानाचे पाय.

"मला वाटलं होतं, विमान म्हणजे सगळं लोखंड असणार," ते सांगायचे. "खोकी आली बोटीतून, आपल्या घराएवढाली. फोडली. आत बघतो तर सगळं आपलंच रे! लाकूड, कापड, तारा आणि सरस. लोखंड म्हणाल तर इंजिनापुरतं. हातात फळी घेतली आणि म्हटलं, हे तर मी करतो तेच. मी करतो तेच आभाळात जातंय!" हे सांगताना त्यांचा आवाज खाली यायचा, गाभाऱ्यात येतो तसा. शिडं शिवणारा एक खलाशी होता, तो पंखांचं कापड शिवायचा. त्यावर कसलंसं रोगण चढवायचे, त्याला पिकल्या केळ्यांचा वास यायचा. एक लोहार तारा ताणायचा आणि बोटाने वाजवून आवाजावरून ताण ओळखायचा. आणि होड्या आतोबांकडे. बोटाएवढ्या जाडीच्याही नाहीत अशा फळ्या, तांब्याच्या बारीक खिळ्यांनी जोडलेल्या. बसऱ्याचं ऊन असं, की सकाळी घट्ट असलेला सांधा दुपारी श्वास घ्यायला लागायचा. होडीत पाणी शिरलं की विमान जड, आणि जड विमानाला पाणी सोडत नाही. नदीवर ते लांबच्या लांब पळत जायचं, फेस उडवायचं, गर्जना करायचं, आणि शेवटी दमून तिथेच थांबायचं. मग सगळे कारागीर काठावरून पाण्यात उतरून ते ओढून आणायचे, कंगवा फिरवल्यासारखे हात फिरवून एकेक फळी चाचपायचे, आणि कुठलं ओझं कमी करता येईल ते शोधायचे.

त्या कारखान्यात एक शिरस्ता होता. मोठा साहेब कडक, त्याने घातलेला. ज्याने दुरुस्ती केली, त्याने पहिल्या फेरीला मागच्या खणात बसायचं. तुझ्या सांध्यावर तुझा भरवसा आहे ना? मग चल! या शिरस्त्याने आमचे आतोबा, जव्हारचे सुतार, तीन वेळा आभाळात गेले. ज्या काळी आमच्या गावात मोटार आली तर शाळा सुटत होती, त्या काळी! मी त्यांना शंभरदा विचारलं असेल, "आतोबा, वरून कसं दिसतं हो? नदी कशी दिसते? माणसं दिसतात का?" त्यांचं उत्तर कधी बदललं नाही. "नदी होती म्हणतात. खजुराची रानं होती म्हणतात. मी बघितलं नाही. मी बाहेर वाकून माझ्या फळीकडे बघत होतो." आणि मग, फार मोठं गुपित सांगावं तसं, "कोरडी होती."

लोक हसायचे. मीही हसायचो, खोटं कशाला बोलू? पण हसून झालं की अंगावर काटा यायचा. अरे, हा माणूस आपल्या हाताने लाकडाचे पाय करतो, आणि त्या पायांवर उभं राहून कुणीतरी आभाळात जातं! आपण वर विमानाकडे बघतो, उडवणाऱ्याकडे बघतो. पण त्याच्याखाली किती हात असतात, शिवणाऱ्याचे, तारा वाजवणाऱ्याचे, फळ्या चाचपणाऱ्याचे, ते कुणाला दिसतात? आतोबांसमोर बसलं की मला ते हात दिसायचे.

चौथ्या वेळची गोष्ट त्यांनी मला बऱ्याच वर्षांनी सांगितली. तीही दुःखाची म्हणून नव्हे, कामातली एक अडचण म्हणून.

नदीच्या वरच्या अंगाला आपलं सैन्य तुर्कांच्या वेढ्यात अडकलं होतं. गोरे होते, आपलेही होते. खायला काही उरलं नव्हतं. तेव्हा विमानांनी पिठाची पोती न्यायची आणि वरून टाकायची असं ठरलं. सगळी विमानं कामाला लागली. त्यातल्या एकाच्या डाव्या होडीची, पुढून तिसरी फळी ठिबकत होती. आतोबांनी ती दिवसभर बसून बदलली. पहाटे ते शिरस्त्याप्रमाणे मुंडासं घट्ट बांधून, मागच्या खणात बसायच्या तयारीने काठावर हजर. तो उडवणारा अगदी कोवळा साहेब होता, जेमतेम विशीतला. आतोबा त्याला 'लहान साहेब' म्हणायचे. विमान पाण्यात उभं असायचं, आणि साहेबाचे बूट भिजून चालायचे नाहीत, कारण वर थंडी. म्हणून कुणीतरी त्याला पाठुंगळीला घेऊन पाण्यातून विमानापर्यंत न्यायचं. तो मान बहुतेक वेळा आतोबांचा. त्या दिवशीही त्यांनीच नेला. "काही वजन नव्हतं रे त्याला," ते म्हणाले. "त्याची टाच माझ्या बरगडीला लागत होती. गाणं गुणगुणत होता."

साहेबाला वर चढवून आतोबा मागच्या खणाकडे वळले, तर तिथे पिठाचं पोतं बांधलेलं. लहान साहेबाने त्या पोत्यावर थाप मारली आणि मोडक्या हिंदुस्थानीत म्हणाला, "आज नहीं, मिस्त्री. आज आटा."

विमान पळालं, फेस उडाला, आणि त्या दिवशी पाण्याने त्याला सोडलं. सूर्य समोरून येत होता. फळी ठिबकते की नाही, हे आतोबांना दिसलं नाही. विमान नदीच्या वरच्या अंगाला गेलं, आणि परत आलं नाही.

का आलं नाही? कुणी सांगितलं नाही. सुताराला कोण सांगतो? त्यांनी मुकादमाला विचारलं, तो म्हणाला, तुझं काम झालं, पुढचं घे. इंजिन बंद पडलं असेल, गोळी लागली असेल, आणखी शंभर कारणं असतील. पण शंभरात एक कारण असं होतं, की कुठेतरी उतरताना डावीकडची तिसरी फळी उघडली, पाणी शिरलं, आणि विमान पालथं झालं. ते एक कारण घेऊन आतोबा जव्हारला परत आले. पालखी, पाळणा, नांगर, सगळं त्याच्यानंतरचं.

दर दसऱ्याला आतोबा हत्यारांची पूजा करायचे, रंध्याला, करवतीला, वाकसाला फूल वाहायचे, आणि धुतलेलं धोतर नेसून माझ्याकडे यायचे. मुंबईच्या नौदलाच्या कचेरीला पत्र लिहायचं. "थोडक्यात लिही," असं बजावायचे, "साहेब लोकांना वेळ नसतो." आणि मग तासभर सांगत बसायचे. "आधी रामराम लिही. मग लिही, घरी सगळे बरे असतील. मग फळीचं लिही. डावी होडी. पुढून मोजायची, मागून नाही, नाहीतर घोटाळा होईल." मी त्याचं कचेरीच्या इंग्रजीत भाषांतर करायचो आणि शेवटी 'या संस्थानातील एक सुतार' असं लिहून त्यांचा अंगठा घ्यायचो. रामरामाचं इंग्रजी मला कधीच जमलं नाही. सात-आठ वर्षं हे चाललं. उत्तर नाही. एकदा फक्त छापील चिठ्ठी आली, की पत्र पोचलं. आतोबांनी विचारलं, "म्हणजे वाचलं?" मी म्हटलं, "पोचलं, एवढंच म्हणताहेत." ते म्हणाले, "पोचलं ना? मग आता वाचतील." पुढचे चार महिने ते टपालवाल्याच्या वाटेवर खुर्ची टाकून बसले. खुर्ची अर्थात तपासलेली.

पण माणूस थकत चालला तसं ते वेड फिरलं. पूर्वी ते वस्तू करून, वर बसून, गिऱ्हाइकाला देऊन टाकायचे. आता देईनात. केलेला सांधा रात्र गेली की उघडायचे, बघायचे, पुन्हा जोडायचे, पुन्हा उघडायचे. महिना-महिना एक कपाट अंगणात. गिऱ्हाईक यायचं, बघायचं आणि मान हलवून निघून जायचं. हात थरथरायला लागले होते, आणि उघडझाप करून चांगलं लाकूडही झिजत होतं. हळूहळू कुणी काम आणेना, आणि मग आतोबा घरातल्याच वस्तू उघडायला लागले.

एक दिवस आत्या तरातरा माझ्या घरी आली. एरवी कुणाचं मन दुखवायची नाही, पण त्या दिवशी तिचा चेहरा बघून मी उठून उभाच राहिलो.

"माझा पाट सहा वेळा उघडला रे ह्यांनी. मी जेवायला बसू कुठं? ते जाऊ दे, मी जमिनीवर बसेन. पण काल विचारतात मला, 'तुला इतकी वर्षं माझ्या घरात ठेवलं, तुझ्या जिवाला काही झालं असतं तर?' ह्या घराचं आढं ह्यांनीच चढवलंय ना! आता आढं उघडायचं म्हणतात." आणि ती माझ्यासमोर, आयुष्यात पहिल्यांदा, रडली. मग डोळे पुसून सरळ मुद्द्यावर आली. "तुला इंग्रजी येतं. त्या साहेबाला उत्तर लिहायला होत नसेल, तर तूच लिही."

"आत्या! सरकारी पत्र खोटं लिहू? नोकरी जाईल माझी!"

"जाऊ दे. सुतारकी कर. घराणं त्याचंच आहे."

मी लिहिलं. दुपारी सगळे जेवायला गेल्यावर कचेरीतल्या टाइपरायटरवर, कुणी येतंय का बघत, एकेक अक्षर दाबत लिहिलं. लहान साहेबाला जिवंत ठेव, असं आत्याचं म्हणणं होतं. मला धीर झाला नाही. जिवंत असता तर तो परत कारखान्यात आला असता, हे आतोबांना कळल्याशिवाय राहिलं नसतं. म्हणून लिहिलं, की इंजिन बंद पडून विमान नदीकाठच्या चिखलात कोसळलं आणि साहेब गेले. मागाहून विमानाची तपासणी झाली. डाव्या होडीची पुढून तिसरी फळी जागच्या जागी होती. सांधा घट्ट होता. सुताराच्या कामात कसूर आढळली नाही. हे शेवटचं वाक्य लिहिताना नोकरीची भीती होतीच, पण खरं सांगतो, त्या वेळी मला त्याहून जास्त भीती आतोबांची वाटत होती.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या अंगणात बसून मी ते पत्र वाचून दाखवलं. आत्या दारात उभी होती. आतोबांनी ते दोनदा वाचून घेतलं. तिसऱ्या फळीच्या ओळीला त्यांनी हात वर करून मला थांबवलं, आणि ती ओळ तिसऱ्यांदा ऐकली. मला वाटलं, सुटलो.

"आणि पीठ?" त्यांनी विचारलं.

मी गोंधळलो. पिठाचं माझ्या ध्यानातच आलं नव्हतं! इतकी वर्षं त्यांची पत्रं लिहिली, फळीचं लिहिलं, सांध्याचं लिहिलं, पण त्या पोत्याचा विचार मी कधी केलाच नव्हता.

"पोचलं," मी म्हटलं. "टाकून परत येताना इंजिन बंद पडलं."

"कुठं लिहिलंय?"

मी सहीच्या वरच्या ओळीवर बोट ठेवलं. 'आपला अत्यंत आज्ञाधारक सेवक', असं तिथे इंग्रजीत लिहिलेलं होतं. आतोबांनी माझं बोट बाजूला केलं आणि त्या ओळीवर आपला अंगठा हळूच फिरवला, रंधा मारून झाल्यावर फळीवर फिरवायचे तसा.

"उपाशी होती रे माणसं," ते म्हणाले. "बरं झालं." त्यांचे डोळे भरून आले होते. मग त्यांनी कागद दोन बोटांत धरून पाहिला. "जाड आहे कागद. आपल्या कचेरीत असतो तसाच." माझे कान तापले. मी आत्याकडे बघितलं, ती आत निघून गेली. आतोबा माझ्याकडे न बघता पुढे म्हणाले, "चांगला असतो तो कागद. टिकतो." आणि मग, "लहान साहेबाचं नाव काय लिहिलंय?"

काय सांगू तुम्हाला! इंजिन मी बंद पाडलं, विमान चिखलात घातलं, पीठ पोचवलं, एका माणसाचं मरण बसल्या जागी लिहून काढलं. पण नाव माझ्याने सांगवेना. कुठलंही एक इंग्रजी नाव सांगितलं असतं तरी चाललं असतं, त्यांना कळणार नव्हतं. पण ज्या पोराला ह्यांनी पाठीवर घेतलं होतं, त्याला मी कुठल्या तोंडाने नाव देऊ?

"नाव नाही लिहिलं, आतोबा."

त्यांनी मान हलवली. पत्राची घडी केली आणि माझ्या गुडघ्यावर थोपटलं, जणू चूक माझी नव्हतीच. "असू दे. त्याला तरी माझं कुठं ठाऊक होतं?"

त्यानंतर आतोबांनी सांधे उघडणं सोडलं. आढं राहिलं, आत्याचा पाट राहिला, अंगणातलं कपाटही गिऱ्हाइकाच्या घरी गेलं. पत्र त्यांनी खरं मानलं की माझं मन राखलं, हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मला विचारायची हिंमत झाली नाही. पुढच्या दसऱ्याला मी सवयीने ओटीवर दौत-टाक घेऊन बसलो होतो. ते आले नाहीत. त्याच्या पुढच्या दसऱ्याला ते नव्हतेच.

त्या वर्षी मी एकट्याने बसून मुंबईच्या कचेरीला आणखी एक पत्र लिहिलं. फळीविषयी काही विचारलं नाही. पिठाची पोती घेऊन गेलेल्या त्या तरुणाचं नाव काय, एवढंच विचारलं. आणि शेवटी, जिथे इतकी वर्षं 'या संस्थानातील एक सुतार' असं लिहीत आलो होतो, तिथे आतोबांचं नाव लिहिलं. वडिलांचं लिहिलं, आडनाव लिहिलं, गाव लिहिलं, धंदा सुतारकी असं लिहिलं. त्याला पाठीवर घेऊन विमानापर्यंत नेणारा माणूस हा, असंही लिहिलं. उत्तर आलेलं नाही. पत्र पोचल्याची छापील चिठ्ठी मात्र आली आहे.